चार सेकंदांची आठवी फाइल

तुम्ही फोनवर विचारलंत, की आजोबांच्या गाण्यांमधली आठव्या क्रमांकाची फाइल चार सेकंदांतच का संपते, आणि नवव्या फाइलमध्ये आजोबांऐवजी मीच का बोलते आहे. फोनवर सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती, म्हणून लिहिते आहे. चूक माझी, तुमच्या आजीची होती. तुमच्या बाबांचीही थोडी होती, पण ती त्यांनी सांगावी.

२००४ सालच्या उन्हाळ्यात आजोबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्र काढावं लागणार, त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आजोबा शाळामास्तर होते आणि वाडीतल्या भजनात पुढे बसून गाणारे. तुमचे बाबा तेव्हा मुंबईत मालिकांना संगीत द्यायचं काम करत. ऑपरेशनच्या आधी ते आठ दिवसांची रजा काढून रत्नागिरीला आले, ते लॅपटॉप, एक माइक आणि विटेएवढ्या दोन हार्ड डिस्क घेऊनच.

रेकॉर्डिंगसाठी त्यांनी सगळं घर टाळ्या वाजवत पालथं घातलं आणि शेवटी आंबे पिकत घालायची आढीची खोली निवडली. जमिनीवर पेंढा, भिंतीला पेंढ्याचे भारे, त्यामुळे तिथे टाळी घुमत नव्हती.

"म्हणजे मलाही आढीत घालतोस का रे?" आजोबा म्हणाले. "पिकलोय तेवढा पुरे."

"बाबा, बोलू नका. आवाज राखा."

"राखून कुणाला देऊ? पुढच्या महिन्यात कापूनच टाकणार आहेत."

आजोबा पेंढ्यावर मांडी घालून बसले आणि गायला लागले. सहा दिवसांत सव्वीस पदं आणि आरत्या झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आपल्या घरी गणपती विसर्जनाला निघण्यापूर्वी घरातला वडील पुरुष देवासमोर उभा राहून घरादाराचं, गुराढोरांचं, परगावी गेलेल्या मुलांचं गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. त्या वर्षीच्या गणपतीत ते म्हणणारा आवाज घरात नसणार होता. बाकी गाणी गेली तरी चालतील, पण गाऱ्हाणं सांभाळा, असं आजोबांनी आम्हा दोघांना बजावलं.

तुमच्या बाबांचा एक नियम होता: आधी प्रत, मग पान. रोजचं काम दोन्ही डिस्कवर उतरल्याशिवाय ते जेवायला उठत नसत. जाताना एक डिस्क त्यांनी नेली, दुसरी माझ्याकडे ठेवली. "दोन गावांत दोन प्रती," ते म्हणाले. "पावसाळ्यात महिन्यातून एकदा नुसती विजेला लाव, अर्धा तास फिरू दे. कॉम्प्युटरला जोडू नकोस."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली. वस्तू सांभाळायची म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटत असे. डिस्क सुती फडक्यात गुंडाळून मी तांदळाच्या डब्यात पुरली, दमट हवा लागू नये म्हणून. डब्यावर चिठ्ठी लावली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती काढून विजेला लावायची आणि वहीत नोंद करायची.

ऑपरेशन नीट झालं. आजोबा पाटी-पेन्सिल घेऊन बोलू लागले. पाटीवर ते भांडतसुद्धा. "आमटीत मीठ नाही" असं लिहून खाली दोन रेघा मारत.

गणपतीला तीन आठवडे होते. आरत्या आणि गाऱ्हाणं जागच्या जागी आहेत ना, हे एकदा पडताळून पाहावं असं माझ्या मनात आलं. ग्रंथालयात आम्ही दरवर्षी पुस्तकं मोजत असू, त्यातलीच ही सवय. मी डिस्क आपल्या घरच्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? तुमच्या बाबांचा लॅपटॉप वेगळ्या जातीचा, त्याने मांडलेली डिस्क आपल्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. प्रश्न शुद्ध इंग्रजीत होता, मला शब्दन् शब्द कळला. व्यवस्थित लावून देतो म्हणतोय, तर देऊ दे, असं म्हणून मी 'हो' दाबलं. हिरवी पट्टी भरत गेली. मी खुर्चीवर बसून ती पूर्ण होण्याची वाट पाहिली. मग डिस्क उघडली, तर ती रिकामी होती.

आजोबा पडवीत बसले होते. मी जाऊन सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "सगळं?" मी मान हलवली. त्यांनी तो शब्द हाताने पुसला आणि पाटी पालथी ठेवली.

मी मुंबईला फोन लावला.

"आई, तू 'हो' का दाबलंस?"

"त्याने विचारलं म्हणून. तुझ्याकडे दुसरी प्रत आहे ना?"

ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात एका कामाला जागा हवी होती. तुझ्याकडे आहे म्हणून मी माझी पुसली."

त्यांना बोल लावायचा मला हक्क नव्हता.

"आता त्या डिस्कला कुणी हात लावू नका," ते म्हणाले. "मी येतो."

दुसऱ्या दिवशी ते आले. फॉरमॅट केल्याने यादी जाते, पण खालचा माल लगेच जात नाही, असं त्यांनी समजावलं. पुस्तकं कपाटात आहेत पण नोंदवही जळाली, एवढं मला त्यातून कळलं. त्यांनी एक प्रोग्राम सकाळी लावला, तो दिवेलागणीपर्यंत चालला. एकवीस फाइली परत आल्या, पण एकीलाही नाव नव्हतं, नुसते आकडे. आजोबा कानाला हेडफोन लावून एकेक ऐकत, पाटीवर नाव लिहीत, आणि मी वहीत उतरवून घेई. आपलाच गेलेला आवाज ऐकताना त्यांचा चेहरा कसा होता, ते मी पाहिलं नाही. मी वहीकडे पाहत होते.

आठवी फाइल लावली तेव्हा त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. गाऱ्हाण्यातलं "बा गणराया, ऐक रे बाबा" एवढंच उरलं होतं. पुढे खरखर.

विसर्जनाच्या दिवशी शेजारीपाजारी जमले, तुमच्या बाबांनी माइक लावून ठेवला होता. वाडीतल्या कुणा वडीलधाऱ्याला गाऱ्हाणं घालायला सांगू, असं मी म्हटलं, तर आजोबांनी पाटीवर लिहिलं, "तू." बायकांनी गाऱ्हाणं घालायची आपल्याकडे रीत नाही, हे मी सांगू लागले. त्यांनी खाली दोन रेघा मारल्या, आमटीतल्या मिठाला मारत तशा.

त्यांनी एक वाक्य लिहावं, मी मोठ्याने वाचावं, सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणावं, असं ते झालं. प्रत्येक वेळी आजोबा पेन्सिलीने पाटीवर दोनदा टकटक करत. तुम्हाला माइक बिघडल्यासारखा वाटला तो आवाज त्यांचा आहे. शेवटी त्यांनी लिहिलं, "हातून चुकलंमाकलं असेल ते पदरात घे," आणि मला ते एका दमात वाचता आलं नाही. फाइलमध्ये तिथे थोडी शांतता आहे, मग टकटक. अजून वाक्य पुरं व्हायचं होतं, तरी त्यांनी आधीच केलेली.

तुमच्या बाबांनी ही फाइल आठवीच्या पाठोपाठ नववी म्हणून लावली आणि पुढच्या फाइलींचे आकडे एकेकाने वाढवले. दोन्ही जोडून एक करू का, असं त्यांनी विचारलं होतं. आजोबांनी नको म्हणून लिहिलं.

आता एक प्रत माझ्याकडे आहे, एक बाबांकडे आणि तिसरी तुमच्याकडे पाठवली आहे. ती जोडल्यावर कॉम्प्युटरने काही विचारलं, तर 'नाही' म्हणा आणि आधी मला फोन करा. दुसऱ्या प्रतींवर विसंबू नका.