माझ्या बेस गिटारीला वाचा फुटली

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाचं घरात कुणी ऐकत नाही.

युसूफ वडगावच्या जवळ आमचं गाव. तिथल्या फारूकभाईच्या बँजो पार्टीत मी अकरा वर्षं बेस वाजवतोय. लग्नाच्या वरातीत टेम्पोवर आम्ही असतो. बँजो सगळ्यांना ऐकू येतो, ढोल तर पलीकडच्या गावालाही ऐकू येतो. बेस मात्र कुणालाच ऐकू येत नाही. तो बंद केला की गाण्याचा पाय मोडतो, पण हे सांगायचं कुणाला? आमच्या दादांना (म्हणजे वडिलांना) सांगून पाहिलं. गिटार घरी आणली त्या दिवशी त्यांनी आधी तारा मोजल्या.

"चारच? बाकीच्या दोन कुठं गेल्या?"

"बेसला चारच असतात, दादा."

"फसवलं तुला."

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रम झाला की त्यांचा एकच प्रश्न. "तुझं चालू व्हतं का रे?"

चालू होतं का! बोटांना घट्टे पडले माझ्या! अकरा वर्षांत एकदा, फक्त एकदा, दादांनी माझा बेस ऐकावा एवढीच माझी इच्छा. मी काही विमान मागत नव्हतो.

संधी आली ती चुलतभाऊ महादेवच्या लग्नाची. महादेव म्हणजे अण्णांचा मुलगा. अण्णा हे आमचे धाकटे काका, माजी सरपंच आणि (त्यांच्या मते) भावी सरपंच. लग्न आमच्याच गावात होतं, नवरीकडचे उमापूरहून येणार होते. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला परण्या म्हणतात. परण्यात नवरदेवाच्या भावांनी घोड्यापुढं नाचलंच पाहिजे, नाही तर माणसं वर्षभर बोलतात. आणि मी केबलने टेम्पोला बांधलेला, दावणीच्या बैलासारखा! आधीच्या एका लग्नात मेव्हण्यांनी मला नाचायला खाली ओढलं, तेव्हा केबलीमागोमाग आख्खा अ‍ॅम्प (बेसचा आवाज काढणारं खोकं) खाली आला होता. ढोल फुटला. बोलणी मी खाल्ली.

म्हणून ठरवलं, वायरलेस घ्यायचं. गिटारीची पिन लावायची एक डबी कमरेला आणि एक डबी अ‍ॅम्पवर. मधे केबल नाही! तीन आठवडे मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. कुठलं किती लांब चालतं, कुठल्यात आवाज उशिरा येतो, बॅटरी किती वेळ पुरते, सगळं पाठ केलं. एवढा अभ्यास दहावीला केला असता तर आज टेम्पोवर नसतो.

पण आमच्या घरात अण्णांना विचारल्याशिवाय खराटासुद्धा येत नाही. अंबाजोगाईच्या दुकानात ते स्वतः आले. मी निवडलेला सेट त्यांनी बोटाने बाजूला सारला.

"हे कावून? माझा भाषणाचा माईक ज्या कंपनीचा हाय, त्येच घे."

"अण्णा, पण गिटारीसाठी..."

"आरं, तुझ्या दादाची न् माझी पाण्यातली मोटार एकाच कंपनीची हाय का न्हाई? एकीचं बिघडलं की दुसरीचं काढून लावता येतं. तसंच हाय हे!"

दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "त्याच कंपनीचं देतो, पण फ्रिक्वेन्सी वेगळी घ्या. दोन्ही सेट सारखे झाले तर एकाचा आवाज दुसऱ्यात घुसेल."

"घुसू द्या की!" अण्णा छाती पुढं काढून म्हणाले. "घरचेच हायेत!"

आता खरं सांगतो. मला सगळं कळत होतं. तीन आठवड्यांचं ज्ञान माझ्या घशापर्यंत आलं होतं. ते तिथंच गिळलं, कारण घरातलं कुणीतरी माझ्या बेससाठी दुकानाची पायरी चढलं होतं, हेच मला आभाळाएवढं वाटत होतं. घरी लावून पाहिलं तर झकास चाललं. (चालणारच! अण्णांचा माईक कपाटात बंद होता.)

लग्नाच्या दिवशी मी दादांना हाताला धरून टेम्पोजवळ नेलं आणि माझ्या अ‍ॅम्पशेजारी उभं केलं.

"दादा, आज हितनं हलायचं न्हाई. ह्या खोक्यातून जे येईल ते माझं. बाकी कशाकडं ध्यान देऊ नका."

"बरं," दादा म्हणाले आणि त्यांनी कान खोक्याला लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

परण्या निघाला. मी केबलीशिवाय टेम्पोवरून उडी मारली आणि घोड्यापुढं नाचत, वाजवत निघालो. काय वाजवलं त्या दिवशी! मारुतीच्या देवळाला लागूनच लग्नाचा मांडव होता. तिथं पाहुण्यांच्या पंगती बसल्या होत्या आणि अण्णा माईक घेऊन त्यांचं स्वागत करत होते. (नवरदेवाचा बाप असूनही! माईक दुसऱ्याच्या हातात दिला की त्यांना ताप येतो.) परण्या आलेला पाहून ते बोलत बोलत टेम्पोपर्यंत चालत गेले, आणि मी नाचत नाचत मांडवाच्या दारात पोचलो.

म्हणजे अण्णा माझ्या अ‍ॅम्पपाशी आणि मी त्यांच्या कर्ण्यांपाशी! दोन्ही सेटांनी जवळचा आवाज आपला म्हणून ओढून घेतला.

मला एवढंच कळलं की मांडवाच्या प्रचंड कर्ण्यांतून धूम धूम धूम असा माझा बेस येतोय. मला वाटलं, वायरलेस म्हणजे हे असतं! मी आणखी जोर लावला. पत्रावळ्या थरथरल्या. बायकांनी कानांवर पदर दाबले. आई लांबून दोन्ही हात हलवत होती. मी समजलो, कौतुक करतेय! मीही तिला मान डोलावून दाखवली.

तिकडे अण्णा तोंड उघडतायत आणि मांडवात धूम. "उमापूरकर मंडळींचं" धूम "सहर्ष" धूम धूम. त्यांना वाटलं, माईकच बिघडवलाय कुणीतरी. स्वागत सोडून ते शेजारच्या माणसाजवळ कुजबुजायला लागले, पण माईक तोंडापुढंच होता. आणि ती कुजबुज माझ्या अ‍ॅम्पमधून, फुल आवाजात!

"हे इरोधकांचं काम हाय बे! आन् ह्या उमापूरवाल्यांनी टरकं भरून माणसं आणली का काय? दुष्काळातून आल्यावानी जेवायलेत! भाजी पुरती का न्हाई बघ आदी!"

बँजो थांबला. ढोल थांबला. घोडासुद्धा थांबला. नवरीचा मामा हातातला जिलेबीचा तुकडा तसाच धरून मांडवाबाहेर आला आणि आवाजाच्या दिशेने थेट टेम्पोपाशी गेला. तिथं खोकं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव होतं. (हौसेनं मीच लिहून घेतलं होतं.)

"कोण हाय हा गिटारवाला?" मामा गरजला. "आमी काय दुष्काळातून आलतो? उठा रं सगळे! हे लग्न व्हत न्हाई!"

मी धावत गेलो. "मामा, मी बोललोच नाही! गिटार बोलत नसती हो!"

"मंग हे खोकं कुणाचं हाय?"

"माझं, पण..."

फारूकभाईने खरं सांगायला तोंड उघडलं, पण अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते मिटवलं. माईक पाठीमागे लपवला आणि चेहरा एकदम सोज्वळ केला. "जाऊ द्या मामा. पोरगं हाय. चुकलं त्येचं. पड रे पाया."

पोरगं! चाळिशीला टेकलोय मी! मी गावादेखत मामाच्या पाया पडलो, मग मामीच्या, मग उरलेल्या तीन मामांच्या. अण्णांनी उदार मनाने मला क्षमा केली. मामांना फेटा बांधला, तेव्हा कुठं ते परत पाटावर बसले आणि लग्न लागलं. अण्णांना जाब विचारायचा म्हटलं तर ते पंगतीत उमापूरकरांना आग्रहाने जिलेबी वाढत होते!

रागाने अंगाचा तिळपापड झाला होता. टेम्पोवर चढून मी कमरेची डबी उपटली आणि जुनी केबल लावायला घेतली. खाली दादा अजून खोक्याशेजारीच उभे होते. हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना, ते हलले नव्हते. जेवायलासुद्धा गेले नव्हते.

"दादा," मी कसंनुसं तोंड करून विचारलं, "काही ऐकू आलं का?"

दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"आज चालू व्हतं बरं का तुझं," ते म्हणाले. "लई सोच्छ वाजवलंस. शब्द न् शब्द कळला."