एकोणिसाव्या घरचं पाणी

नळाचं पाणी काचेच्या छोट्या नळीत धरायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, अंगठ्यानं तोंड दाबून नळी उलटीसुलटी करायची आणि मग डोक्यावरची पांढरी टोपी काढून नळीमागं धरायची. एवढं झालं की आमचे चावीवाले मामा स्वतः मान दुसरीकडं फिरवायचे.

"आता तुम्ही सांगा, पिवळं हाय का न्हाय? मी बघायचं न्हाय. माझी नोकरी हाय, मी पिवळंच म्हणणार."

पाण्यात क्लोरिन शिल्लक असेल तर नळीत पिवळा रंग येतो. नसेल तर पाणी जसंच्या तसं राहतं आणि मग काळजीचं कारण असतं.

तुमच्याही भागात असा एक चावीवाला असणार. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो, व्हॉल्व्ह फिरवतो आणि निघून जातो. आपण त्याला तोंडानं ओळखतो, नावानं नाही. आमचे मामा गडमुडशिंगीहून मोपेडवर यायचे. साडेसहाला पाणी सोडायचे, आठला बंद. त्यात मिनिटाचा फरक नाही.

"मामा, पावणं आलेत. दहा मिनिटं जास्त सोडा की," कुणी बाई म्हणायची.

"पावण्यास्नी उद्या पुन्हा बोलवा. उद्या बी तेवढंच सोडणार हाय."

आमच्या कॉलनीत एका ओळीत एकोणीस घरं. पहिलं माझं, व्हॉल्व्ह माझ्याच फाटकासमोर. मी दुधाच्या डेअरीत फॅट तपासायच्या विभागात चोवीस वर्षं काढली आहेत, म्हणून मामा मला "फॅटवाले" म्हणत. पाणी तपासल्याची रोज नोंद करून खाली एका नागरिकाची सही घ्यायची, असा वरून हुकूम आला तेव्हा त्यांनी वही सरळ माझ्याकडं दिली. "आकड्यातला माणूस हाय तुम्ही. खोटं लिवणार न्हाय."

मी खोटं लिहिलं नाही. तीन महिने, एकही दिवस न चुकता, माझ्या अंगणातल्या नळाचं पाणी पिवळं झालेलं बघून मी "होय" लिहिलं आणि सही केली.

आषाढ लागला, नदीला गढूळ पाणी आलं. आणि कॉलनीत कावीळ निघाली. आधी सतरा नंबरचे निवृत्त मास्तर, चार दिवसांनी सोळा नंबरच्या वहिनी. शेजाऱ्यांनी मला विचारलं तेव्हा मी वही काढून दाखवली. "पाणी चांगलं आहे. बाहेरचं काही खाल्लं असेल." मास्तर बाहेर चहासुद्धा पीत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी मामा माझ्या नळाजवळ थांबलेच नाहीत. "फॅटवाले, चला. आज एकोणीसमधी बघू."

एकोणीस नंबरमध्ये मुलगी बाळंतपणाला आली होती. नेसरीची सासुरवाशीण, आठवा महिना. ती दारातच बसली होती. मामांनी नळी भरली, थेंब टाकले, टोपी मागं धरली. मी बघितलं. पाणी तसंच. त्यांनी नळी ओतली, पुन्हा भरली. तसंच. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी मान फिरवली नाही. स्वतःच बघितलं.

मग मुलीच्या आईला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "हिला ह्यातलं पाणी देता?"

"उकळून देतो की मामा."

"आन चूळ कशानं भरती? कोथिंबीर कशात धुता?"

पोटुशीला ही कावीळ झाली तर काय होऊ शकतं, ते मास्तरांच्या डॉक्टरांनी सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं. जीव जाऊ शकतो. आईचा, बाळाचा, दोघांचाही.

मामांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला. उत्तर मलाही ऐकू आलं. शुक्रवारी त्र्यंबोलीची यात्रा, माणसं त्यात अडकलेली, सोमवारी बघू, तोवर पुरवठा बंद करायचा नाही.

शुक्रवारी साडेसहा झाले, पाणी आलं नाही. मी बाहेर आलो. मामा व्हॉल्व्हच्या झाकणावर उभे होते, चावी दोन्ही हातांत आडवी धरून.

यात्रेचा दिवस. नदीचं नवं पाणी कलशात घेऊन पोरी टेकडीवर जायच्या होत्या, घरोघरी मटण येऊन पडलं होतं, पाहुणे यायचे होते. पाच मिनिटांत सगळी कॉलनी माझ्या फाटकासमोर जमली.

"ओ मामा, मटण काय थुकीत शिजवायचं व्हय?"

"ट्यांकर सांगितलाय. येतोय."

"कुणाच्या ऑर्डरनं बंद केलंय?"

"माझ्या."

"तुम्ही कोण? आयुक्त?"

आठ नंबरच्या जाधवांनी चावीला हात घातला. मामांनी सोडली नाही. दोघांची ओढाओढ सुरू झाली, टोपी खाली पडली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "साहेबांची वही आणा की! तीन महिने पिवळंच हाय म्हणून सही हाय त्यात!"

सगळे माझ्याकडं वळले. मामाही.

डेअरीत कुणी कॅन न ढवळता वरवरचं दूध नमुन्याला घेतलं तर मी त्याला दारात उभा करत नाही. आणि इथं मी तीन महिने एकाच टोकाचा नमुना घेऊन एकोणीस घरांची खात्री दिली होती. व्हॉल्व्हपासून दहा पावलांवरच्या नळाला पिवळं येणारच की.

"वही खरी आहे," मी म्हणालो. "पण ती फक्त माझ्या घरची आहे."

"म्हणजे ओ काय?"

"मामा, दहा मिनिटं सोडा. कुणी भरायचं नाही. जाधव, तुम्ही माझ्याबरोबर चला. नळी तुम्ही धरायची."

मामांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि झाकणावरून उतरले.

एक नंबर : गडद पिवळं. पाच नंबर : पिवळं. आठ, म्हणजे जाधवांच्याच घरी : पिवळं. त्यांचा चेहरा जरा उजळला. दहा नंबर : अगदी फिकट, लिंबाच्या सालीचा नुसता भास. मागून येणारी माणसं आता नळीभोवती दाटली. बारा नंबर : काही नाही. जाधवांनी नळी उन्हात धरली, डोळ्यांजवळ आणली. "मामा, थेंब कमी पडलं असतील."

"पुन्हा टाका."

काही नाही. एकोणीसपर्यंत काही नाही.

दहा आणि बारा नंबरच्या मधोमध गटार रस्त्याखालून जातं. मामांनी तिथं पाय आपटला. "हितं. पाणी बंद झालं की रिकामी पाइप घाण आत वडून घेती. क्लोरिन त्या घाणीतच संपतंय."

जाधवांनीच घरातून कुदळ आणली. तासाभरानं गटारातून गेलेली जुनी पाइप उघडी पडली. तिला बोटभर चीर होती आणि त्या चिरेवर काळं पाणी डुचमळत होतं. सोळा नंबरच्या वहिनींचा नवरा ते बघून कठड्यावर बसला.

दुरुस्ती शनिवारीच झाली. सोमवारी मामांना हुकुमाशिवाय पुरवठा बंद केल्याची नोटीस आली. तिला पुरावा म्हणून माझ्या वहीच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. मी तपासलेल्या सगळ्या घरांचे निकाल लिहून वेगळा जबाब दिला, खाली जाधवांचीही सही घेतली. तो कुणी वाचला का, माहीत नाही. मामांची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला झाली.

एकोणीस नंबरची काळजी मात्र संपली नव्हती. डॉक्टर म्हणाले, दूषित पाणी पोटात गेलं असेल तर कावीळ दिसायला सहा आठवडे लागू शकतात. तोवर वाट बघायची. मी कॅलेंडरवर बेचाळीस चौकोन आखले.

बदलीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मामांचा फोन आला. "एकोणीसमधी काय?" मी जाऊन आलो होतो. "ठीक आहे. जेवती आहे." "डोळं बघितलं?" "बघितले. पांढरे आहेत." एवढंच बोलणं. रोज. ताप आला असं मी अकराव्या दिवशी सांगितलं, तेव्हा ते दिवसभरात चार वेळा बोलले. ताप साधा निघाला.

एकोणचाळिसाव्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी, दोन किलो आठशे ग्रॅम. मी बेचाळीस पुरे होईपर्यंत थांबलो, मग सांगितलं, "मामा, दिवस संपले. दोघी ठणठणीत आहेत."

पलीकडं लोखंडी झाकण सरकवल्याचा आवाज आला.

"बरं. ठेवतो. हितलं पाणी सोडायची वेळ झाली."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. मी मात्र पुढं बरेच दिवस सकाळी एकोणीस नंबरला जाऊन यायचो आणि फोन हातात घेऊन पायरीवर बसायचो.