मी गोऱ्या साहेबाला माळावर हरवलं तवा

हसणार आसाल तर हातातला च्या आधी खाली ठिवा. न्हाईतर नाकातून बाहेर येईल, अन् मंग मला दोष देऊन राहाल!

तवा निजामाचं राज. औंढ्याच्या अल्याड आमचा माळ. माळ कसला? कोण्या राक्षसानं काकवी उकळून ओतावी अन् ती फेसासकट गोठावी, तसा काळा दगड! कडे, कपारी, खाली खोल ओढा. मधात चार काड्या गवत उगवायचं, त्याच्यावर सारी गावची मेंढरं जगायची.

तिथंच आला सडक बांधणारा गोरा साहेब. इटीदांडूची गल खंदावी तसे माळावर खड्डे खंदले, दर खड्ड्यात झेंडी रोवली, अन् लागला दांडूनं पांढरा चेंडू मारायला. म्हणे, गोल्फ! मेंढरं मधी येऊ लागली. साहेब म्हणला, मेंढरं बंद.

पाटील माझे मामा लागायचे. ते गेले हात जोडून. साहेब पडला खेळाडू. चपराशाच्या तोंडून म्हणला, "तुमचा एक गडी माझ्यासंगं खेळू द्या. तो जिकला तर माळ तुमचा. हरला तर मेंढरू दिसायला नको."

आता इटीदांडूत माझा हात धरणारं पंचक्रोशीत कोण व्हतं? कोणीच न्हाई! मी धोतराचा काचा मारला.

चपराशी समजवू लागला, "सुनो किसनभाऊ, इसमें टोले गिनते हैं, और..."

"मोज की! मला शिकवतो व्हय रे? दांडू हातात घेऊनच जन्मलो मी!"

मामा म्हणले, "किसन्या, ऐकून तर घे."

"मामा, तुमी हलगीवाला बोलवा."

साहेबानं मारला. चेंडू दगडावर टण्णकन उडून झेंडीपाशी गेला. मंग बारके बारके टोले, अन् चेंडू खड्ड्यात. मला तर हसूच आलं. आमची म्हातारी फुकणीनं यापेक्षा लांब मारल!

मी झेंडीला पाठ केली अन् असा हाणला, असा हाणला, की चेंडू ओढ्यापल्याड! आवो, खड्ड्यापसून जितकं लांब तितकी जीत, हे शेंबडं पोरगंबी सांगल!

गाव नाचलं. "आणखी हाण, किसन्या!"

आणखी हाणला. साहेब दर टायमाला पिशवीतून नवा चेंडू काढायचा अन् खुश होऊन मान डोलवायचा. म्हणलं, बघा, गडी कदर करून राहिला! एक चेंडू कड्यावर आपटून माघारी आला तो साहेबाच्या टोपीवरच. तरीबी हसला. पिशवी रिकामी झाली तवाच मी थांबलो.

चपराशी बोटं मोजून दमला. "साहब के पाँच. किसनभाऊ के... अल्ला जाने!"

झालं! हलगी कडाडली. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. तिकडं साहेबबी टोपी उडवून नाचून राहिला. मी वरून म्हणलं, "बघा मामा, हरला तरी किती खुश! याला दिल लागतं, दिल!"

मामा चपराशाशी बोलले. त्यायचं तोंड पडलं. "किसन्या, उतर खाली."

"काहून?"

"ज्याचे टोले कमी, तो जिकला."

हलगी गप. पोरांनी मला उतरवलं न्हाई, सोडून दिलं! काळ्या दगडावर! आजूनबी कंबर ठणकती.

पण साहेबानं खेळावं कशानं? चेंडू सारे कपारीत. नवे यायचे विलायतेहून, अन् तिकडं लढाई पेटलेली. साहेब म्हणला, "चेंडू घावस्तोर मेंढरं चरू द्या. हुडकायचे मात्र याच गड्यानं."

सगळ्यायची मेंढरं मजेत चरली. मी रोज कपारीत हात घालून बसलेलो. चेंडू मला एकबी घावला न्हाई. मी मात्र विंचवाला बराबर घावलो!