मावशींची पिशवी

तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत मावशी बावीस वर्षं शिपाई होत्या, आणि त्यातली निम्मी तरी फरशीवरचे पिवळे डाग घासण्यात गेली. मुलं तांब्याचा मुलामा दिलेल्या बोर्डावर शाईने सर्किट काढायची आणि तो फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायची. शाईबाहेरचं तांबं विरघळलं की काम फत्ते. द्रावण मात्र बाकावर, मोरीत, सदऱ्यावर. प्रयोग घेणारे सर उंटावरून शेळ्या हाकायचे. एकदा त्यांनीच ते स्टीलच्या ताटात ओतलं आणि ताटाची चाळण करून ठेवली.

यंदा नवी पांढरी फरशी बसली आणि प्राचार्यांनी फर्मान काढलं: प्रयोग बंद, बोर्ड विकत आणा. मावशींना घास गोड लागेना. आपल्या हाताने केलेल्या बोर्डावर दिवा लागतो तेव्हा मुलांचे चेहरे कसे होतात, ते बघायला त्या मुद्दाम दारात झाडत रेंगाळायच्या.

त्या थेट प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. "साहेब, तुमच्या टेबलावर करून दाखवते. एक थेंब सांडला तर खुशाल बंद करा."

टेबलावर पांढरंशुभ्र कापड होतं. तिथेच बसलेल्या सरांनी नाक मुरडलं, पण प्राचार्य हो म्हणाले.

मावशींनी खिडकी उघडली, दोघांना लांब बसवलं, डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे चढवले. कोपरे घासून बोथट केलेला बोर्ड जाड झिपच्या पिशवीत सरकवला. प्लास्टिकच्या चमच्याने चार चमचे द्रावण घातलं, हवा काढून झिप लावली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि दोन्ही कोमट पाण्याच्या टबात ठेवल्या. मग तान्ह्या बाळाला तेल लावावं तशी वीस मिनिटं हलक्या हाताने चोळत बसल्या. टबावरच धरून पिशवी उघडली, बोर्ड लखलखीत निघाला.

"उरलेलं मोरीतच ना?" सरांनी कोंडीत पकडलं.

"छे हो. त्यात तांबं असतं. बाटलीत भरायचं, तारीख घालायची, घातक कचऱ्याच्या गाडीत द्यायचं."

प्राचार्यांनी कापडावर तळहात फिरवला, कोपरा उचलूनही पाहिला. "प्रयोग चालू राहील. पण हे शिकवणार कोण?"

सर ताठ होते, पण खोटे नव्हते. "मावशी शिकवतील," ते म्हणाले. "मी पहिल्या बाकावर बसतो."

सोमवारी मावशींनी फळ्याला पहिल्यांदा खडू लावला. ऊर अभिमानाने भरून आला होता आणि अक्षर वाकडंतिकडं येत होतं. सरांनी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.