हिरव्या दारामागं सर बसलेत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते मुरगूडच्या आनंदा मगदूम सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी पदवी घेतली, कोल्हापुरात ऑफिसात खुर्चीवर बसून नोकरी करतोय, ते त्यांच्यामुळं. म्हणून त्यांचं नाव आधी. या माणसाशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोललोय... ते का, हे सांगायला लिहितोय.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. तीन रस्त्यांच्या तिकटीवर उतारा पडलेला दिसला तर त्यातला नारळ उचलून खाणाऱ्यांतला मी.

सरांचा कॉम्प्युटर क्लास खताच्या दुकानावरच्या खोलीत होता. तीन कॉम्प्युटर. चपला उंबऱ्याबाहेर. मॉनिटरना सरांच्या बायकोनं, काकूंनी, जुन्या पिवळ्या फुलाफुलांच्या साडीची कव्हरं शिवलेली. त्यातला एक कॉम्प्युटर सेकंडहँड होता आणि त्यात आधीच्या मालकाचा एक गेम राहिलेला – पॉइंट अँड क्लिक. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यात धावपळ नाही, गोळीबार नाही. चित्रातली एक खोली असते. वस्तूवर माउस नेला की खाली तिचं नाव येतं. मग बघा, उचला, वापरा, बोला – एवढेच हुकूम. कुठली वस्तू कशाला लागू पडते, ते डोक्यानं शोधायचं. आमच्या गेममध्ये समुद्रकाठचं एक ओसाड हॉटेल होतं आणि हरवलेल्या काकाला शोधणारा एक तरुण.

टायपिंग झालं की शेवटची वीस मिनिटं सर आम्हाला तो खेळू द्यायचे. अट एकच, प्रत्येक नवा शब्द अर्थासकट वहीत उतरवायचा. कंदील, बिजागरी, गंज – यांचे इंग्रजी शब्द मला शाळेनं नाही, त्या हॉटेलनं शिकवले. बारावीला इंग्रजीत निघालो तो त्या वहीवर. सेव्ह मात्र सगळ्या क्लासचा मिळून एकच असायचा. सोमवारच्या पोरांनी जिथं सोडलं, तिथून मंगळवारच्यांनी पुढं न्यायचं. त्यामुळं कुणी उठलं की सर आपल्या कामात मान घालून, मागं न वळता विचारायचे, "सेव्ह केलंस का?" हो म्हटल्याशिवाय चप्पल पायात घालायची नाही.

हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला एक हिरवं दार होतं. ते कधीच उघडलं नाही. किल्ली लावली, तेल घातलं, पहारीनं उचकटून बघितलं – हिरो एकच म्हणायचा, "नॉट येट." अजून नाही.

"सर, ह्ये दार बिघडलंय," मी एकदा वैतागून म्हणालो.

"दार न्हाय बिघडलं. तुझी घाई बिघडलीय."

दोन वर्षांपूर्वी सरांनी क्लास बंद केला. काकू गेलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू. तो जुना कॉम्प्युटर त्यांनी मला दिला. म्हणाले, "घिऊन जा. दार उघडलं की कळव, बास."

राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर तो मांडला. असले जुने गेम खेळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. तिथं मी हिरव्या दाराबद्दल विचारलं. एकानं त्याच कॉरिडॉरचं चित्र पाठवलं. टोकाला नुसती भिंत होती. मी आमच्या स्क्रीनचा फोटो टाकला, तर तो म्हणाला, हे दार तू स्वतः रंगवलंयस. मी म्हटलं असेल, आमची कॉपी वेगळी असेल.

त्यानंतर महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सहज खेळायला बसलो. बायको, सुजाता, शेंगा फोडत बसली होती.

"पस्तिशीचा बाप्या झालाय, अजून दुसऱ्याची दारं वाजवतोय," ती म्हणाली.

मी दारावर क्लिक केलं. हिरो काही बोलला नाही. दार उघडलं.

आत हॉटेलची खोली नव्हती. उंबऱ्याशी चपलांची रांग होती. तीन टेबलं, तीन मॉनिटर, दोन झाकलेले – पिवळ्या फुलाफुलांच्या कापडानं. तिसऱ्यासमोर पाठमोरा एक माणूस बसलेला. मी माउस त्याच्यावर नेला. खाली नाव आलं – सर.

मी 'बोला'वर क्लिक केलं. पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यावर अक्षरं उमटली. अक्षरं इंग्रजी, पण वाक्य मराठी.

"सेव्ह केलंस का?"

आणि मी केलं. विचार न करता. इतक्या वर्षांची सवय... सरांनी विचारलं की सेव्ह करायचं. सेव्ह एकच, त्यामुळं आधीचं सगळं पुसलं गेलं. तेव्हापासून तो गेम सुरू केला की थेट त्या खोलीतच उघडतो.

सुजाताला बोलावून दाखवलं. तिचं माहेर गडहिंग्लज, तिनं क्लास कधी पाहिलेला नाही. तिला एवढंच खटकलं, "ह्यांचं तोंड का न्हाय दिसत?"

बुधवारी सरांचा फोन आला. आवाज एकदम खुशीत.

"आरं, डोळ्याचं ऑपरेशन झालं माझं! शनिवारी. पुतण्या घिऊन गेलता. तुला म्हटलं कशाला घोर."

मी रागावलो, ते हसले. मग म्हणाले, "रविवारी दुपारी पट्टी बांधून पडलोतो, तवा एक सपान पडलं बघ. मी क्लासात बसलोय. मागनं कुणीतरी दार उघडलं. मी म्हटलं, सेव्ह केलंस का? आणि कोण हाय ते बघाय वळणार, तेवढ्यात नर्सबाईनं उठवलं."

माझी नजर खिडकीजवळच्या कॉम्प्युटरकडं गेली.

"हाईस न्हवं? ऐक. आता मला दिसतंय. तो कॉम्प्युटर परत आण. ते दार माझ्या हातनं उघडतो एकदा. न्हाईतर मीच येतो पुढच्या आठवड्यात यष्टीनं."

फोन ठेवला आणि कॉम्प्युटर सुरू केला. सुजाता माझ्या खांद्यामागं उभी होती. खोली तीच, चपला त्याच. पण माणूस आता तसा पाठमोरा नव्हता. मान थोडी वळली होती. कान दिसत होता, आणि कानावरून गेलेली एक हिरवी पट्टी.

"डोळ्याला लावत्यात तसली पट्टी हाय ती," सुजाता हळू म्हणाली. मग तिनं माझं मनगट धरलं. "बंद करा. अहो, वळतंय ते."

मी प्लग उपसला.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघणारा एक मित्र आहे. त्यानं हार्ड डिस्क काढून गेमच्या सगळ्या फायली तपासल्या. त्याला हॉटेलच्या सगळ्या खोल्या सापडल्या. ही खोली नाही, हिरवं दारही नाही. तो म्हणाला, सेव्ह डिलीट कर, प्रश्न मिटला. पण डिलीट करायला माझा हात होत नाही. त्यात सर आहेत. पूर्ण वळल्यावर काय होतं ते मला माहीत नाही, आणि मला ते बघायचंही नाही. डिस्क परत बसवून कॉम्प्युटर माळ्यावर ठेवलाय, वायर काढून. यामागं काय आहे, मला आजही सांगता येत नाही. कुणाला कळत असेल तर जरूर लिहा.

सर यायच्या आत मी त्यांना पत्र टाकलं. फोनवर खोटं बोललो असतो तर त्यांनी आवाजावरून ओळखलं असतं. पत्र असं –

ती. सरांना शिरसाष्टांग नमस्कार.

ऑपरेशन चांगलं झालं, तुम्हाला आता नीट दिसतंय, याचा मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. हे पत्र तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचताय, हेच पुष्कळ आहे.

कॉम्प्युटर आता सुरू होत नाही. दुरुस्तीला दाखवला, ते म्हणाले, राहू द्या. तेव्हा त्यासाठी तुम्ही एसटीचा त्रास घेऊ नका. दार उघडलं की कळव, असं तुम्ही म्हणाला होता. नाही उघडलं सर. शेवटपर्यंत 'नॉट येट'च म्हणत होता. तुम्हीच शिकवलंत, घाई करायची नाही.

एक विनंती आहे, मला हसू नका. दुपारी डोळा लागला आणि परत तसं स्वप्न पडलं, मागून कुणी दार उघडल्यासारखं वाटलं, तर वळून बघू नका. तुम्ही कधीच वळत नव्हता. तसंच पाठमोरं विचारा. माझं उत्तर 'हो' आहे, असं धरून चाला.

या रविवारी आम्ही दोघं मुरगूडला येतोय. मी समोरच्या दारानं येईन, हाक मारून, चपला बाहेर काढून. मग माझ्याकडं पोटभर बघा.

तुमचा विद्यार्थी,
सदाशिव