सशांचा बंगला आणि गोदामाचं कुलूप

सशांनी रेशनकार्ड खाल्लं, तेव्हा त्यांना स्वतंत्र घर बांधून द्यायचं ठरलं.

ही दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आम्ही तेव्हा भिंगारला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. आमचे हे लष्कराच्या एका गोदामात कारकून. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांनी आमच्या नऊ वर्षांच्या मंदाला दोन पांढरे ससे दिले आणि यांनी ते पिशवीत घालून सायकलवरून घरी आणले. (साहेबाने दिलेली वस्तू यांना कधीच नाकारता आली नाही. आधीच्या साहेबांचं फाटकं बॅडमिंटनचं जाळं माळ्यावर पडून होतंच.) मंदाने सशांची नावं ठेवली सुभेदार आणि हवालदार.

रेशनकार्डाची सुरुवात त्यांनी साखरेच्या पानापासून केली, म्हणजे अक्कल होती!

पण खरा धोका रेशनकार्डाला नव्हता, सशांनाच होता. शेजारच्या हौसाबाईंनी मागच्या अंगणात मेथी-कोथिंबिरीचे वाफे केले होते आणि बाजाराच्या दिवशी त्या जुड्या विकत. एका सकाळी त्या हातात दोन बोडक्या काड्या घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"वैनी, हे काय हाय?"

"मेथी."

"मेथी न्हाई, मेथीची काडी हाय! पाला तुमच्या सुभेदारानं खाल्ला!"

"मुका जीव आहे हो, हौसाबाई."

"मुका असंल, पर त्वांड लई चालतंय! आता नीट आईका. पुन्यांदा माझ्या वाफ्यात दिसले, तर दोगास्नी मेथीसंगट टोपलीत घालून बाजारात इकून टाकीन. रश्शाला गिऱ्हाईक लगीच मिळतंय!"

'रश्शाला' ऐकताच मंदाने असा गळा काढला, की पलीकडच्या ओळीतल्या दोन बायका कोण गेलं ते विचारायला आल्या.

मग मी पदर खोचला. बांधायचं तर ऐसपैस बांधायचं, हा माझा स्वभाव. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि उंची माझ्या डोक्याच्या वर एक वीत. हे म्हणाले, "अगं, ससे केवढे, पिंजरा केवढा!"

"ससे काही झाडून घेणार नाहीत. झाडणार मी. वाकून झाडायला माझ्याकडे दुसरी कंबर नाही!"

यांनी गोदामाच्या लिलावातून खोक्यांच्या फळ्या आणल्या. प्रत्येक फळीवर काळा बाण आणि 'ही बाजू वर' असं इंग्रजीत छापलेलं. आता अठरा वर्षं ज्या माणसाने बाण वर ठेवण्याचाच पगार घेतला, तो फळी आडवी कशी ठोकणार? यांनी सगळ्या फळ्या उभ्या लावल्या. एक चुकून उलटी लागली, तर जेवण सोडून उठले आणि फिरवून आले!

"अहो, तळाला फळ्या?"

"तळाला कशा लावणार? बाण आडवा होतो."

"सशांना वाचता येतं का?"

"मला येतं!"

इथे मी भांडायला हवं होतं. एरवी मी कशावरही भांडते. पण मला माझ्या सारवणाचा गर्व. "राहू द्यात तुमच्या फळ्या," मी म्हटलं, "जमीन मी चोपून, सारवून देते. माझी जमीन उकरायला कुदळ लागेल, कुदळ!"

दोन दिवस मी जमीन चोपली. शेणाचा हात असा गुळगुळीत फिरवला, की मंदा म्हणाली, "आई, इथे आपणच राहू या." वर पत्रा, समोर कोंबड्यांची जाळी, एका कोपऱ्यात गवत भरलेलं खोकं आणि बाजूच्या फळ्यांतल्या दाराला बाहेरून भक्कम कडी. रविवारी संध्याकाळी सशांचा गृहप्रवेश झाला. हौसाबाईंनी जाळी हलवून पाहिली आणि नाक मुरडलं. मी यांना ठणकावून सांगितलं, "उद्यापासून कडीला कुलूप. कुलूप घातल्याशिवाय कामावर जायचं नाही!"

सोमवारी सकाळी मी झाडू घेऊन पिंजऱ्यात शिरले. ससे दिसेनात. खोक्यात असतील म्हणून मी गुडघे टेकून त्यात डोकं घातलं. तेवढ्यात बाहेरून यांचा आवाज आला.

"आत कोणी आहे?"

गोदाम बंद करताना तीनदा असं ओरडायचा नियम होता. पण घरी? मला वाटलं, सशांची चेष्टा चाललीय. सशांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी कशाला देऊ?

"आत कोणी आहे?"

मी खोक्यातलं गवत चाचपत होते.

"आत कोणी आहे?"

मी नाकातोंडातलं गवत काढेपर्यंत कुलूप लागलं, ओढून तपासलं गेलं आणि किल्ली खिशात टाकून सायकल गेलीसुद्धा! मी "अहो! अहो!" ओरडले, पण नियमात चौथी हाक बसत नव्हती.

खोकं रिकामं होतं. त्याच्या मागे माझ्या कुदळप्रूफ जमिनीत चांगलं घमेलंभर रुंदीचं भोक होतं. जाळीतून पलीकडे पाहिलं, तर सुभेदार आणि हवालदार मेथीच्या मधोमध!

तेवढ्यात हौसाबाई बाहेर आल्या. आधी ससे पाहिले. मग मला पाहिलं. मग पुन्हा ससे.

"वैनी, म्या चुकीचं बगतीया का?"

"हौसाबाई, आधी मला काढा!"

"आदी मेथी!" त्या खराटा घेऊन धावल्या.

"मंदे, डावीकडून हाक! हौसाबाई, सावकाश! त्यांना लागेल!" मी जाळीला धरून हुकूम सोडत होते. ओळीतल्या सगळ्या बायका जमल्या. एकीने मला जाळीतून गाजर दिलं. (मी ते घेतलं. सकाळपासून चहासुद्धा झाला नव्हता.)

"कुलूप फोडू का दगडानं?" हौसाबाईंनी धापा टाकत विचारलं.

"खबरदार! नवीन आहे!"

"मग त्या बिळातनं निगा!"

मंदा किल्लीसाठी गोदामाकडे पळाली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला तिने काय सांगितलं देव जाणे, पण आत निरोप पोचला तो 'कारकुनाने बायकोला पिंजऱ्यात कोंडलं' असा. यांना बाहेर सोडायला तास लागला, कारण साहेबांना आधी हसू आवरायचं होतं.

इकडे हौसाबाईंनी खराटा आपटला. त्यासरशी दोन्ही ससे कुंपणाखालून सुटले ते थेट आपल्या बिळात! पुढच्या क्षणी ते माझ्या पायाशी येऊन बसले. मी भोकावर खोकं सरकवलं आणि वर बसले.

मंदा निरोप देऊन परत आली होती. ती रडवेली होऊन हौसाबाईंकडे पाहू लागली. "मावशी, विकणार?"

हौसाबाईंनी पायाशी ससे घेऊन खोक्यावर बसलेल्या मला पाहिलं. मग खराटा टाकून मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"न्हाई इकत, पोरी. असा तमाशा मला बाजारात तरी कुटं मिळंल? पर खाली फळ्या ठोका. आजच्या आज!"

यांनी येऊन कुलूप काढलं आणि त्याच संध्याकाळी तळाला फळ्या ठोकल्या, मान दुसरीकडे फिरवून. ससे पुढे चार वर्षं त्यात सुखाने राहिले. येणारा-जाणारा एवढा मोठा पिंजरा पाहून थबके आणि विचारे, "कोणासाठी बांधलाय?"

उत्तर द्यायला हौसाबाई कुठूनही धावत येत. "त्यो व्हय? त्यो आमच्या वैनींचा हाय. ससे आपले सोबतीला ठिवल्यात!"