पिठ्ठूची शिक्षा

आजकाल अशा मुलांना एडीएचडी आहे म्हणतात. सत्तरच्या दशकात, कराडजवळच्या आमच्या गावात, मी नुसती वांड कार्टी होते. एका जागी बूड टेकेल तर शपथ. राग यायचा तोही आधी हातांना कळायचा, मला मागाहून. तिसरीत असाच हात उठला आणि माझी पाटी शेजारच्या मुलीच्या कपाळावर बसली. गुरुजींनी घरी निरोप धाडला, पुन्हा काही झालं तर नाव काढून टाकीन. मला शाळा जिवापाड आवडायची. पण हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

माझे चुलते, तात्या, तेव्हा नुकतेच लष्करातून पेन्शनीत आले होते. त्यांना शिक्षा एकच ठाऊक, फौजेतली. आपल्या फौजी पाठपिशवीत, खाकी पिठ्ठूत, त्यांनी मला पेलेल एवढी वाळू भरली आणि तो माझ्या खांद्यांवर चढवला.

"मळ्यातल्या हिरीपतुर जायाचं नि माघारी यायाचं. तीन चकरा. रडायचं न्हाई."

पहिल्या चकरेत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुसरीत शिव्या संपल्या. तिसरीत नवलच झालं. खांदे ओढले जात होते, टाचा मातीत रुतत होत्या आणि छातीतली धडधड आपोआप खाली बसत होती. विहिरीच्या काठावरचा खंड्या पक्षी त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिला. आईच्या माराला आणि नवसांना जे जमलं नाही ते माझ्या पायांना जमत होतं! आपल्याच अंगाचा मला केवढा अचंबा वाटला.

घरी येऊन म्हटलं, "तात्या, आजून एक चक्कर मारू?" शिक्षा देणाऱ्याची अशी फजिती मी पुन्हा पाहिली नाही.

आठवड्याभरानं वर्गात पुन्हा राग चढला. हात उठायच्या आत मी बाहेर पळाले आणि मैदानाला चकरा मारू लागले. गुरुजींना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी तात्यांना बोलावून घेतलं आणि नाव काढायला हजेरीपट उघडला.

तात्यांनी पिठ्ठूची हकीकत सांगितली. गुरुजी हसले. "पोरीला हमाल करताय होय?"

तात्यांची मान लाल झाली, मुठी वळल्या. त्या मुठी मी ओळखल्या, माझ्याच होत्या. आता सगळं संपणार होतं. कोपऱ्यात शाळेची रिकामी घागर होती. ती उचलून मी त्यांच्या हातात दिली.

"तात्या, हिरीवनं भरून आना."

त्यांनी घागर खांद्यावर टाकली आणि विहिरीकडे गेले. गुरुजी टाक हातात धरून खिडकीतून पाहत होते.

तात्या आले ते भरली घागर खांद्यावर घेऊन, सदरा चिंब, हात शांत. "चुकलं, गुरुजी," ते हळू म्हणाले. "पर पोरीला असंच कायतरी वझं द्या."

गुरुजींनी हजेरीपट मिटला. घागर माठात ओतली आणि रिकामी माझ्याकडे दिली.